टबाचा लोड

नानांना गरम पाण्याचा टब कंबरेसाठी हवाय, असं घरात सगळे समजत होते. कंबरेला काय धाड भरली होती! नानांना हवा होता अर्धा तास, ज्यात कुणी हाक मारणार नाही, काही विचारणार नाही. पाच माणसांच्या त्या घरात न्हाणीघराचं दारसुद्धा कुणी ना कुणी वाजवायचंच.

टब मागच्या अंगणात बसला. जोडणीला जावई आला, तो वायरमनच. मीटरपाशी उभं राहून त्याने हिशेब मांडला.

"नाना, मेन स्विच साठ अँपिअरचा. टब एकटाच चाळीस खाणार. उरले वीस. त्यात ओव्हन, गिझर, कपडे वाळवायचं मशीन, हेअर ड्रायर."

"मग बसतंय का?"

"सगळं एकदम चालू नसतं, असं धरायचं असतं. तसं धरलं तर बसतं."

नाना खूश. एक पाय बुडवला, दुसरा बुडवला, डोळे मिटले, आणि खट्. मेन पडला.

कारण या घराची रीतच न्यारी. लाइट जाईल अशी नुसती शंका आली, की जो तो 'जायच्या आत उरकून घेऊ' म्हणून धावणार. टब सुरू झाल्याचं कळताच नानींनी ओव्हन लावला, सुनेने गिझर, मुलाने कपड्यांचं मशीन. चार दिवसांसाठी येऊन महिनोन्‌महिने मुक्काम ठोकलेल्या मेहुणीने केस वाळवायला घेतले. नानांनी दम भरला, सगळ्यांनी शपथा घेतल्या. मेन पुन्हा पडला.

जावयाने हात टेकले. "वायर मी बदलीन हो, माणसं कशी बदलू? वीज मंडळाकडून मोठा मेन मंजूर होईपर्यंत एकच उपाय. टब चालू असताना सगळ्यांना टबातच बसवा. बटणापर्यंत कुणी जायलाच नको."

नानांना हे मुळीच पटलं नाही. पण करतात काय?

संध्याकाळी अख्खं घर टबात. मेहुणी आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची कथा पहिल्यापासून सांगू लागली. मुलगा आणि सून जागेवरून भांडत होते. नानींचं कोपर नानांच्या बरगडीत. मेन मात्र शाबूत. कोपऱ्यात चेपलेल्या नानांना रडू यायचंच काय ते बाकी होतं.

"चष्मा आत राहिला," म्हणत ते उठले. चष्मा नाकावरच होता.

आत आले आणि थबकले. ओव्हन बंद, मशीन बंद, न्हाणीघरात कुणी नाही. नाना टॉवेल गुंडाळून आपल्या खुर्चीत बसले.

"अहो, सापडला का?" बाहेरून नानींचा आवाज आला.

गरम पाणी सोडून बघायला कोण येतंय! कुणीही आलं नाही. नानांनी पाय पसरले.

पुढच्या आठवड्यात जावयाचा फोन आला. "नाना, मोठा मेन मंजूर झाला. उद्याच बसवतो."

"छे छे," नाना घाईघाईने म्हणाले, "एवढी काय गडबड आहे? टबाचा फार फायदा होतोय मला."