गोमाच्या हातचं रुखवत

लेकीच्या लग्नात बापाला हात लपवावे लागावेत, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. गोमावर ती आली, आणि खरं बोलायचं तर त्यानेच ती ओढवून घेतली.

गोमा कर्जतच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होता. दिवसभर इंजिनाखाली शिरून नटबोल्ट आवळायचे आणि घरी येऊन गप्प बसायचं, असा माणूस. भाऊबंदांत त्याला कोणी फारसं विचारत नसे. शेतीचं बघायचा धाकटा भाऊ गजा, आणि घरातलं बघायची बायको गौराबाई. गोमाच्या वाट्याला उरली होती मागची पडवी. तिथे त्याने जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यावर एक लेथ बसवलं होतं. पायाने पायटा हाणला की दोन टोकांमध्ये धरलेलं लाकूड गरगर फिरायचं, आणि पटाशी टेकवली की भुसा उडत उडत गोल आकार निघायचा. मुलांना भोवरे, शेजाऱ्यांना विळ्याच्या मुठी असं काहीबाही तो करून द्यायचा. लोक न्यायचे आणि विसरून जायचे.

"लाकडं कातून पोट भरतं का वो?" गौराबाई चिडवायची.

"पोटाचं रेल्वे बघतेय," गोमा म्हणायचा. त्याचं एवढं बोलणं म्हणजे भाषणच.

एकाहत्तर सालच्या वैशाखात थोरल्या शकूचं लग्न ठरलं. मुलगा कळंबचा, बाळाराम नावाचा, स्थळ चांगलं. आता नवरीकडून रुखवत जायचं म्हणजे घरच्या बायकांनी हाताने केलेल्या वस्तू मांडवात मांडायच्या, वऱ्हाडाने त्या फिरून बघायच्या आणि मग सगळं नवरीबरोबर सासरी न्यायचं. विणकाम, भरतकाम, साखरेचे रुखवती लाडू, झालंच तर मण्यांचा पोपट. पुरुषांनी त्यात नाक खुपसायची रीत नाही. पण गोमा जेवता जेवता म्हणाला, "शकूचं रुखवत मी करनार." गौराबाईच्या हातातली पळी तशीच राहिली.

आणि त्याने केलंही. शिवणीच्या लाकडाचे आंबे, सीताफळं आणि केळी, त्यांना ठेवायला परडी, बोटभर मडक्यांची उतरंड, ताकाची रवी, सरसाने पाय चिकटवलेला पोळपाट आणि त्याच्यावर एक लाटणं. ते लाटणं असं उतरलं होतं की हातात घेतल्यावर खाली ठेवू नये. गौराबाईनेही ते दोनदा हातात घेतलं, आणि तोंडाने मात्र "बरं हाय" एवढंच म्हणाली.

फक्त रंगाचं अडलं. शिवण पडते फिकट. गोमाला हवा होता काळाभोर, खोल रंग, शिसवीसारखा. शेडमधला त्याचा जोडीदार कमाल, त्याच्या मामांच्या पनवेलला होड्या होत्या. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, ते काळं होतं आणि कीडही लागत नाही. कमालने डबाभर आणून दिलं, वर बजावलंही. "हात लावू नको रं गोमा. बिब्ब्यासारखं उततं हे. काठीला फडकं बांधून लाव, आन् म्हैनाभर उन्हात सुकव."

गोमाने मान डोलावली. पण लेथवर पॉलिश करणाऱ्याला फडकं कधी पुरत नाही. फिरत्या लाकडावर तळवा दाबून धरायचा, लाकूड तापतं, त्या उबेने तेल आत जातं आणि अशी झळाळी येते की बघत राहावं. चपडी लाखेचं पॉलिश त्याने जन्मभर असंच केलं होतं. त्यानं तेल ओतलं आणि तळवा टेकवला. महिनाभराचा अवधी तर नव्हताच, लग्न तोंडावर आलं होतं.

पहिले दोन दिवस काही झालं नाही, म्हणून त्याला वाटलं कमाल उगाच घाबरवतोय. मग हात चुरचुरायला लागले. तळव्यापासून कोपरापर्यंत पाणी भरलेले फोड उठले. झोपेत हात तोंडाला लागले असतील, पापण्याही सुजल्या, कानाच्या पाळ्या जाड झाल्या. फोड फुटले तसं कातडं सालपटासारखं सुटायला लागलं. गावातल्या डॉक्टरने विचारलं, कशाने झालं? गोमा म्हणाला, "इंजिनाच्या ग्रीसनी." डॉक्टरशी खोटं बोलणारा माणूस शहाणा म्हणायचा का, तुम्हीच ठरवा. डॉक्टरने गुलाबी औषध दिलं. ते वाळलं की हातांवर पांढरे पांढरे चट्टे दिसायचे, म्हणजे होतं त्याहून भयंकर.

"अंबूबाईला आधीच सांगून टाका," गौराबाई म्हणाली. अंबूबाई म्हणजे बाळारामची आई. "तेल उतलंय म्हनावं. त्यात लाजायचं काय हाय?"

"मग रुखवताला कोन हात लावंल?"

"नाय लावला तर नाय लावला!"

गोमाने सुजल्या डोळ्यांनी पडवीकडे बघितलं. मग म्हणाला, "गौरे, माजं काम कोनी येकदा तरी बघूं दे."

गौराबाई कडाकडा भांडणारी बाई, पण हे ऐकून ती चुलीकडे वळली. तिने विषय सोडला. एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती आणि गोमाला पक्की ठाऊक होती. लाटण्याला बोट लावलं की अजून किंचित चिकटत होतं. सुकेल, तो स्वतःला सांगत होता. कळंबला पोचून चार दिवस उन्हात राहिलं की सुकेल.

राहता राहिलं कन्यादान. लेकीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि बापाने आपल्या ओंजळीतून पाणी सोडायचं. त्या ओंजळीकडे अख्खा मांडव बघणार. गोमाने गजाला सांगितलं, "माजी कंबर धरलेय, मला खाली बसवनार नाय. तू आन् सोनुबाई बसा." सोनुबाई ही गजाची बायको. गजाला मोठेपणाची हौस होतीच. गौराबाईला मात्र हे लागलं. नवरा उठला की बायकोलाही उठावं लागतं. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीचं कन्यादान जावेने करायचं, आणि तिने पाहुण्यांना सरबत विचारत फिरायचं.

लग्नाच्या दिवशी रुखवत मात्र उठून दिसलं. गोमाने त्याच्याभोवती सुतळी बांधली होती, नुसतं बघायला. तरी बायकाच त्या, सुतळीखालून हात घालून कोणी आंबा उचलला, कोणी रवी फिरवून बघितली. "बापाने केलंय? खरंच?" असं जो तो विचारत होता. गोमा मांडवाच्या मेढीला टेकून, दोन्ही हात उपरण्यात गुंडाळून उभा होता. सुजल्या डोळ्यांनी तो ऐकत होता, आणि सुखी होता. एवढा सुखी तो आयुष्यात पुन्हा झाला नाही.

गजा आणि सोनुबाई पाटावर जाऊन बसली तशी अंबूबाई पुढे आली. बाई विधवा, तोंडाने फटकळ, पण वाकड्यात शिरणारी नव्हे.

"आवो इवाय, बाप धडधाकट असून काका का बसलाय?"

"कंबर धरलेय," गोमा म्हणाला.

"कंबर धरलेय तर उबं कसं ऱ्हायलात? आन् हात का गुंडाळलेत?"

गोमाने उपरणं आणखी घट्ट धरलं. तिथेच चुकलं. कळंबच्या कोण्या म्हाताऱ्याने गमतीत उपरण्याचं टोक ओढलं, आणि ते हात मांडवभर उघडे झाले. सालपटं सुटलेले, पांढरे चट्टे पडलेले. वर सुजलेलं तोंड आणि जाड झालेल्या कानाच्या पाळ्या. त्या काळी महारोगाचे तपासनीस गावोगाव फिरत, शाळेत चित्रं दाखवत, चट्ट्याला टाचणी टोचून बघत, कळते की नाही. चित्रातला माणूस असाच दिसायचा. कोणी तो शब्द मोठ्याने उच्चारला नाही, पण वऱ्हाडातली माणसं मागे सरकली. सरबताचे ग्लास खाली ठेवले गेले.

"वो, बोला ना!" गौराबाई ओरडली. "सांगा ना कशानी झालंय ते!"

गोमाने रुखवताकडे बघितलं. शेजारची एक बाई अजून लाटणं हातात धरून उभी होती. आता तोंड उघडलं की सगळं मातीत.

"तेल उतलंय हो," गौराबाईच सांगू लागली.

"डाक्तरला तर ग्रीस सांगितलं यानं," गजा पाटावरून म्हणाला. त्याने ते भल्यासाठी सांगितलं की कशासाठी, देव जाणे. पण एकाच हाताची दोन कारणं निघाली आणि दोन्ही खोटी ठरली.

अंबूबाई कुजबुज करणारी नव्हती. ती म्हणाली, "बापाचं ऱ्हाऊं दे. पोरीचे हात बघूं दे मला." तिने पदराची टाचणी काढली. शकू पाटावर बसली होती, अंगाला हळद, हातभर हिरवा चुडा. अंबूबाईने तो चुडा वर सरकवला आणि मनगटाच्या आत टाचणी टोचली.

"कळतंय?"

"कळतंय," शकू म्हणाली.

मग कोपराशी टोचलं. मग दुसऱ्या हाताला. अख्खं वऱ्हाड मान वर करून बघत होतं, आचारीसुद्धा झारा हातात घेऊन आला होता. बाळाराम स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. शकू दर वेळी "कळतंय" म्हणत होती. ती टाचणीकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. पडवीत तेलाचा डबा तिनेच उचलून ठेवला होता, दाराची कडी तिनेच त्याला काढून दिली होती, त्याच्या तोंडात घासही तिनेच भरवले होते. ती एक शब्द बोलली असती तर सुटली असती. पण ते सांगायचं काम बापाचं होतं, आणि ती त्याची वाट बघत होती.

अंबूबाईने तिची मान वळवली आणि कानाच्या पाळीला टाचणी लावली. तिथे रक्ताचा थेंब आला.

"मला टोचा," गोमा म्हणाला. आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. तो पुढे गेला आणि उघडे हात अंबूबाईसमोर धरले. तिने क्षणभर बघितलं आणि सोललेल्या तळव्यात टाचणी खुपसली. गोमा असा बोंबलला की मागे बांधलेली गाय उठून उभी राहिली. मांडवात कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. रोग नव्हता, जीव भांड्यात पडला, म्हणून हसले. पण गोमाला ते हसू अंगावरून सोलून काढल्यासारखं झालं.

"मंग काय हाय हे?" अंबूबाईने विचारलं. ती हसली नव्हती.

"काजूच्या टरफलाचं तेल."

"कशाला लावलंत?"

गोमाने रुखवताकडे मान केली. हसू थांबलं. लाटणं धरलेल्या बाईने ते टाकलं आणि पदराला हात पुसू लागली. जिने जिने आंबा उचलला होता ती ती स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघायला लागली.

"सुकलं का मंग नाय उतत," गोमा म्हणाला.

"सुकलंय?"

गोमाने खाली बघितलं.

"म्हंजे हे वलं लाटनं तुमी माज्या चुलीपाशी धाडनार हुता," अंबूबाई म्हणाली. "तुमची लेक त्यानं पोळ्या लाटनार, आन् माजी नातवंडं त्या खानार."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शेडमध्ये साहेबाच्या शिव्या गोमाने खाल्ल्या होत्या, त्या अंगाला लागत नसत. इथे शिवी नव्हती. जे खरं होतं तेवढंच ती बोलली, आणि गोमाला वाटलं, या चट्ट्यांखाली आणखी काही असेल तर तेही आता सगळ्यांना दिसतंय. पोरीला टाचण्या टोचेपर्यंत तो गप्प राहिला होता. कशासाठी, तर चार लाकडं लोकांनी बघावीत म्हणून.

अंबूबाईने टाचणी पदराला लावली. "पोरगी आमची," ती म्हणाली. "लाकडं तुमची. चला, मुहूर्त टळतोय."

भटजींनी पाणी मागितलं. गौराबाई नवऱ्याकडे बघत राहिली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आता तरी म्हणा, बाजूला हो गजा. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? गोमा मेढीपाशी परत गेला. गजाने ओंजळ केली, सोनुबाईने पाणी घातलं, आणि शकूचं कन्यादान झालं. गौराबाईने डोळे पुसले नाहीत. रुखवतावर कोणीतरी गोणपाट आणून टाकलं.

संध्याकाळी वऱ्हाडाचा टेंपो निघाला. शकू एकेकाच्या पाया पडत आली, आईच्या गळ्यात पडून रडली, गजाच्या पाया पडली. शेवटी ती मेढीपाशी आली. गोमाने आशीर्वादाला हात उचलला, पण तिच्या डोक्यावर टेकवला नाही. वरच्या वर धरून ठेवला.

शकूने त्याचं मनगट धरलं आणि हात खाली घेतला. टाचणी जिथे लागली होती तिथे लाल ठिपका होता.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाय गं. काय नाय."

"मला दुखलं, बाबा," शकू म्हणाली, आणि त्याचा हात सोडून टेंपोत चढली.

टेंपो कळंबच्या रस्त्याला लागेपर्यंत गोमा तिथेच उभा होता. मग त्याने खाली पडलेलं उपरणं उचललं आणि दोन्ही हात पुन्हा त्यात गुंडाळले. आता तिथे बघणारं कोणी नव्हतं, तरीही.