पुढची पाळी

दंतवैद्यीणबाईंच्या दिवाणखान्यात कादंबरीवर चर्चा रंगली होती. एक वकील बेघरांसाठी बड्या बिल्डरशी कोर्टात भिडतो आणि जिंकतो, अशी ती गोष्ट. वाचक मंडळातल्या सगळ्या जणी डोळे टिपत होत्या. मऊ सोफ्यावर बसून रडायला काय जातं!

टायपिस्ट मावशींचे डोळे तेवढे कोरडे होते. घरमालकाने सामानासकट बाहेर काढल्यापासून त्या इस्पितळातल्या बाकावर, कुणा पेशंटची नातेवाईक असल्यासारख्या झोपत होत्या. इथे कुणाला त्याचा पत्ताच नव्हता.

"शेवटच्या निकालाने तर मला हुंदका आवरेना," दंतवैद्यीणबाई म्हणाल्या. "बरं, पुढची बैठक मावशींकडे. पाळी त्यांचीच आहे. घर कुठे हो तुमचं?"

मावशींची आजारपणाची थाप गेल्या खेपेलाच मारून झाली होती. शेवटी त्या एकदम कडाडल्या.

"कसली डोंबलाची कादंबरी! माणसं रस्त्यावर येतात ती आपल्याच कर्माने. त्यांच्यासाठी कशाला गळे काढायचे?"

दंतवैद्यीणबाईंचा चेहरा लाल झाला.

"मावशी, तुम्हाला काळीज आहे की नाही? असल्या माणसाच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मावशींनी समोरची दोन बिस्किटं रुमालात गुंडाळली, चपला घातल्या आणि त्या जिना उतरल्या.

घर कुठे म्हणून त्यांना पुन्हा कुणीही विचारलं नाही.