आरशातले गृहस्थ

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. समोर जे येईल ते जसंच्या तसं दाखवायचं, एवढंच माझं काम. त्यात कुणाला भ्यायचं काय कारण? पण एक माणूस मला घाबरला, आणि तोही असा माणूस, ज्याच्याजवळ माझं बहुतेक आयुष्य गेलं. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

काचेच्या कारखान्यात माझ्या पाठीवर चकचकीत मुलामा चढला. मग सुताराने मला सागवानी चौकट घातली आणि मागून जाड फळी ठोकली. पुरुषभर उंचीचा मी, एका शिंप्यांच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

दुकान अरुंद होतं. एका बाजूला शिलाईची मशिनं, मधे कापड बेतायचं टेबल आणि मागच्या भिंतीला मी. गिऱ्हाईक नवा कोट घालून माझ्यासमोर उभं राहायचं आणि मास्तर ओठांत टाचण्या धरून त्याच्या पायाशी बसायचे.

"पोट आत घेऊ नका साहेब," ते टाचण्यांतूनच म्हणायचे. "कोट रोज घालायचाय. रोज कुठवर श्वास धराल?"

गिऱ्हाईक स्वतःचा चेहरा बघायचं, मास्तर शिवण बघायचे. इतकी वर्षं माझ्यासमोर वावरूनही त्यांनी स्वतःकडे नीट असं कधी पाहिलंच नाही. मी मात्र त्यांना रोज पाहत होतो. त्यांचे केस पांढरे होताना पाहिले, चष्म्याची काच जाड होताना पाहिली.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. गिऱ्हाइकं कमी झाली आणि एक दिवस दुकान बंद झालं. मास्तरांच्या छोट्या घरात मला जागा नव्हती, म्हणून त्यांच्या लेकीने मला आपल्या घरच्या माळ्यावर ठेवलं. चादरीत गुंडाळलेला मी तिथे नुसता अंधार बघत पडलो. मला सगळे विसरून गेले.

मास्तरांची बायको वारली, तेव्हा लेकीने ठरवलं की बाबांना आता आपल्याकडेच आणायचं. तिला घर सजवायची भारी हौस. फोनवर ती तासन्‌तास सुंदर घरांचे फोटो पाही. दिव्यांची दुकानं, फर्निचरची दुकानं, चित्रांची प्रदर्शनं, सगळं पालथं घालून झालं, पण मनासारखं काही मिळेना. शेवटी बाबांचं सामान ठेवायला माळा रिकामा करताना तिने माझी चादर ओढली.

इतक्या वर्षांनी उजेड अंगावर आला आणि मी दचकलो. तीही दचकली. शिडीवरच बसून राहिली.

"अहो, जरा इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. "मी जगभर काय शोधत हिंडत होते, आणि हे बघा काय सापडलं."

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. माळ्यावर मास्तरांचे खाकी कागदाचे साचेही होते. बाहीचा साचा, कॉलरचा, पाठीचा. तिने ते काळ्या चौकटींत बसवले आणि भिंतीवर लावले. खरंच, एखाद्या मोठ्या चित्रकाराची चित्रं वाटावीत असे ते दिसू लागले. दुकानातल्या उंच स्टुलाला तिने नवी गादी शिवली. मला पॉलिश करून बैठकीच्या मुख्य भिंतीवर टांगलं आणि माझ्या दोन्ही बाजूंना पिवळसर प्रकाशाचे दिवे लावले. दिवे लागले की सगळी खोली माझ्यात उतरायची आणि घर दुप्पट मोठं वाटायचं.

"अगं, आपल्याकडे बाबा येणारेत की फोटो काढणारे?" जावई हसून म्हणाले.

"बाबांसाठीच करतेय," ती म्हणाली. "त्यांना वाटलं पाहिजे की आपण आपल्याच दुकानात आलोय."

शेजारपाजारचे येऊन बघून गेले. जो तो माझ्यासमोर उभा राहून केसांवरून हात फिरवी. खरं सांगतो, मला जरा चढलंच होतं.

मास्तर आले. दारात उभे राहून त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. माझ्याजवळ आले, चौकटीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चांगलं काम आहे." लेकीचे डोळे भरून आले. त्यांनी दुकान ओळखलं, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

त्या संध्याकाळी दिवे लागले. मास्तर सोफ्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी मान वर केली आणि कप तसाच हातात राहिला.

"हे गृहस्थ कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण बाबा?"

"हे समोर बसलेत ते. यांना चहा दिलास का?"

त्यांची नात तिथेच खेळत होती. सारखी गिरक्या घेई म्हणून तिला भिंगरी म्हणत. ती खो खो हसली. "आजोबा, गंमत करताय ना?" लेकही हसली. मी हसू शकत नाही, पण मलाही ती गंमतच वाटली. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी आपला कप उचलून माझ्या दिशेने पुढे केला. समोरच्या माणसानेही कप पुढे केला, तसा मास्तरांनी हात झटकन मागे घेतला.

मग हे रोजचंच झालं. दिवसा ते बरे असायचे. संध्याकाळी दिवे लागले की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. "हे गृहस्थ घरी का जात नाहीत?" असं ते जावयांना हळूच विचारायचे. पुढे ते ताट घेऊन माझ्याकडे पाठ करून जेवू लागले. भिंगरी हसायची थांबली होती.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा. ज्या माणसाला मी त्याच्या लेकीच्याही आधीपासून ओळखत होतो, तो माझ्यात बघून थरथरत होता. आणि मला खोटं दाखवता येत नव्हतं.

एका संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात होती. मास्तर उठले आणि काठी टेकत माझ्यापर्यंत आले. "चालते व्हा," ते म्हणाले. "इथे लहान मुलगी राहते." समोरच्यानेही त्यांच्याकडे बघून ओठ हलवले. मास्तरांनी काठी उगारली. समोरच्यानेही उगारली.

घाव माझ्या खालच्या कोपऱ्यावर बसला. तडा गेला आणि काचेचा तुकडा उडून त्यांच्या मनगटाला लागला. लेक धावत आली. रक्त बघून तिचा तोल सुटला. त्यांचे खांदे धरून तिने त्यांना माझ्यासमोर उभं केलं.

"बाबा, नीट बघा. तो तुम्हीच आहात. तुम्हीच."

मास्तरांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. मग मान जरा वळवून तिच्या कानाशी हळू आवाजात विचारलं, "आणि त्यांच्यासोबत ती बाई कोण आहे?"

लेकीचा चेहरा त्या क्षणी माझ्यात होता. तो कसा होता, ते मी सांगणार नाही. तिचे हात त्यांच्या खांद्यांवरून आपोआप खाली आले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. मनगटाची पट्टी बदलून झाल्यावर ते लेकीशी बोलले. "हा आठवणींचा आजार आहे. त्यांच्या मनात ते अजून तरुण आहेत. म्हणून आरशात दिसणारा म्हातारा त्यांना परका वाटतो. तुम्ही कितीही समजावलं तरी ते पटणार नाही. आरसा काढा."

"मी सगळं त्यांच्यासाठी केलं होतं," लेक म्हणाली.

"ते दिसतंच आहे," डॉक्टर म्हणाले.

तिने आणि जावयांनी मिळून मला खाली उतरवलं. काच कुणाला लागू नये म्हणून जेवणाच्या टेबलावर जाड रजई अंथरली आणि मला तिच्यावर पालथं घातलं. जुन्या सामानाच्या दुकानातून माणूस आला की त्याच्या हवाली करायचं, असं ठरलं. भिंतीवर खिळे आणि ते दोन दिवे तेवढे उरले.

मला आता काही दिसत नव्हतं. पावलं ऐकू आली आणि काठीचा आवाज. मग माझ्या पाठीवरच्या फळीवर एक तळवा टेकला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेला. मी तो हात ओळखला. दुकानात कापड बेतायच्या टेबलावरून तो असाच फिरायचा.

"कापड कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

लेकीने कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने माझ्या पाठीवर एक जुनी चादर पसरली गेली. पाठोपाठ खडूची रेघ ओढली गेली. सरळ, एका दमात.

दुकानातला माणूस आला, त्याला लेकीने परत पाठवलं. घरचे आता स्वयंपाकघरात खाली बसून जेवतात. पाहुणे येतात आणि बैठकीतली ती रिकामी भिंत, ते चादरीने झाकलेलं टेबल बघून गप्प होतात. हौशीने सजवलेल्या घराची ही दशा, असं एक शेजारीणबाई उघडच म्हणाल्या. लेक म्हणाली, "असू द्या."

रोज संध्याकाळी मास्तर टेप घेऊन तिला हाक मारतात. "बाई, या. माप घेऊ." ती येऊन उभी राहते. काल माप घेता घेता ते मधेच थांबले.

"काय झालं मास्तर?" तिने विचारलं. आता ती त्यांना मास्तरच म्हणते.

"काही नाही. खांदे अगदी माझ्या लेकीसारखे आहेत तुमचे."

"हो का," ती म्हणाली. "कशी आहे तुमची लेक?"

"गुणाची आहे," मास्तर म्हणाले. "येईलच इतक्यात. थांबा, भेटवतो."

आणि ती थांबली.

मित्रांनो, घर जरूर सजवा. सुंदर दिवे लावा, चित्रं लावा, जुन्या वस्तू हुडकून काढा. पण त्या घरात कुणी आजी-आजोबा संध्याकाळी एखाद्या कोपऱ्याकडे बघून बिचकत असतील, तर त्यांना हसू नका आणि त्यांच्याशी वादही घालू नका. त्यांच्या जागी बसून तिकडे एकदा बघा. आरसा असेल तर झाकून टाका. आम्हा आरशांना त्याचं वाईट वाटत नाही.