आधी कोण उतरतं

"चढा वहिनी, आधी तुम्ही चढा. तुम्हाला पायऱ्यांना वेळ लागतो," साइमी म्हणाली.

"छे हो वन्सं, मानाच्या तुम्ही. शिवाय मी खाली असले म्हणजे तुम्ही कोसळलात तर बाजूला तरी होता येईल," एल्वी म्हणाली.

आवाज दोघींचे असे मधाळ, की परक्याला वाटावं सख्ख्या बहिणी आहेत. बाहेर बाकावर पाइप ओढत बसलेला एवर्ट सुतार परका नव्हता. त्यानं बाक उचलून चार हात लांब नेला.

सौनात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या न्हाणीघरात, आवाज चढवायचा नाही, हा त्या तळ्याकाठचा नियम. चर्चमध्ये वागतो तसं आत वागायचं. वाकडा शब्द निघाला की वाफ रुसते, आणि रुसलेली वाफ परत येत नाही. साइमीच्या आजोबांनी एकदा आत बसून घोड्याच्या दलालाला लबाड म्हटलं, तर दिवसभर तापवलेले दगड जागच्या जागी गार पडले आणि भर जुलैत आजोबांच्या मिशीला बर्फ धरला. तो बर्फ पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत. निदान दोन वर्षांपूर्वीपर्यंत होती.

तेव्हा या नणंद-भावजयी पंचेचाळीस वर्षं भांडल्या त्या अंगणात, गोठ्यात, बटाट्याच्या वाफ्यात. आत मात्र नुसती साखर. आणि खरं सांगायचं तर अंगणातल्या शिव्या संध्याकाळपर्यंत विसरायच्या, साखर मात्र आठवडाभर टोचत राहायची.

आजचं भांडण सौनाचंच होतं. धुराडं नसलेली जुन्या पद्धतीची सौना, काळ्याकुट्ट ओंडक्यांची. बाप मरताना अर्धी मुलाला, अर्धी मुलीला देऊन गेला. मुलगा कार्लो दोन हिवाळ्यांपूर्वी गेला आणि त्याची अर्धी त्याच्या बायकोकडे, एल्वीकडे आली. एल्वीला आता शहरात लेकाकडे जायचं होतं. पलीकडच्या काठावर हॉटेल काढलेल्या टाम्मिनेनला अस्सल धुराची सौना हवी होती, पाहुण्यांना आराम पडावा म्हणून. अर्धी सौना घेऊन तो काय करणार? आणि साइमी आपली अर्धी सोडायला तयार नव्हती. त्याच सौनात ती जन्मली होती. लग्न केलं नाही, दुसरं घर बांधलं नाही. दर शनिवारी ती सौना तापवायची, लोकांच्या पाठी चोळायची, शिंगांच्या तुंबड्या लावून नासकं रक्त काढायची. सौना गेली असती तर शनिवारी ती कोण उरली असती?

गुरुवारी कॉफी पिताना एल्वी म्हणाली होती, "वन्सं, तुमचं सौनाप्रेम तोंडापुरतं हो. हल्ली दगडांवर पाण्याचं तिसरं ओगराळं पडलं की खाली उतरता."

"मग बसू या की दोघी," साइमी म्हणाली. "आधी उतरेल तिनं हक्क सोडायचा."

एवर्टनं कागद लिहिला. वकिलाकडे सात वर्षं लागली असती. इथं एक शनिवार पुरे होता.

साइमीनं पहाटेपासून आठ तास लाकडं जाळली. मग निखारे बाहेर ओढले, दगडांवर पहिलं पाणी टाकून कडू धूर काढला आणि दार लावून तासभर सौनाला निवांत बसू दिलं. खुन्नस म्हणून तिनं दोन मोळ्या लाकडं जास्त जाळली होती. खुन्नस म्हणून एल्वीनं पाण्याची एक बादली जास्त आणली होती. दोघींना एकमेकींचं कळलं होतं.

दोघी पायऱ्या चढून वरच्या, जास्त तापणाऱ्या फळीवर टेकल्या. पहिलं ओगराळं पडलं. दगडांनी हुंकार दिला.

"छान आहे," एल्वी म्हणाली. "जरा कोमट. पण तुमच्या वयाला बरी."

"टाका की अजून. ओगराळं तुमच्याच हातात आहे."

दुसरं पडलं. तिसरं पडलं. भिंतीतला डिंक वितळून टपकायला लागला.

"पाठ झोडू का तुमची, वहिनी?" साइमीनं बर्चच्या डहाळ्यांची जुडी पाण्यात बुडवली. "फार दिवसांची इच्छा आहे."

"झोडा ना. पंचेचाळीस वर्षं तोंडानं झोडलंत, आता हातानं झोडा."

"कार्लो सांगायचा, तुमच्या माहेरी सौनात बटाटे वाळवायचे म्हणे."

"हो. आमच्याकडे बटाटे वाळायचे. तुमच्याकडे पोरी वाळल्या. एक तर माझ्या शेजारीच बसलीय."

साइमी हसली. मनापासून हसली, ही गोष्ट तिला स्वतःलाच आवडली नाही. तिनं एल्वीच्या हातातून ओगराळं घेतलं आणि सलग दोन टाकली. ती वाफ अशी उठली, की तळ्यातले मासे पलीकडच्या काठाला पळाले. एवर्टनं पुढे हे शपथेवर सांगितलं, आणि एवर्ट आठवड्यातून एकदाच पितो.

"वहिनी, शहरात विजेची सौना असते म्हणे. बटण दाबलं की झालं."

"हो ना. आणि नणंद नसते. केवढी सोय."

आठव्या ओगराळ्याला साइमी म्हणाली, "तुमच्या लेकाला सांगा, आई येतेय तर घराला पळायला दुसरं दार काढ." तिनं उत्तराची वाट पाहिली.

तिनं मान वळवली. छोट्या झरोक्यातून उजेड एल्वीच्या खांद्यावर पडला होता आणि खांदा कोरडा होता. मघापर्यंत पाझरत होता, आता चुलीतल्या राखेसारखा कोरडा. पन्नास वर्षं लोकांच्या पाठी पाहिलेल्या बाईला आटलेल्या घामाचा अर्थ कुणी सांगायला नको होता. ओठांवर निळी झाक होती. बोटं फळीच्या कडेला खिळे ठोकल्यासारखी घट्ट.

"वहिनी, उतरता का?"

"तुम्ही उतरा," एल्वी म्हणाली. आवाज लांबून आला.

ही उतरणार नाही, हे साइमीला कळलं. मरेल, पण उतरणार नाही. कळायला अवघड नव्हतं, तिच्या जागी साइमी असती तर तीही उतरली नसती.

आणि मेली तर? गावात मेलेल्या माणसाला याच सौनात, खालच्या फळीवर धुवायचे. धुवायला गावात एकटी साइमी उरली होती. बापाला तिनंच धुतलं, आईला धुतलं, कार्लोला धुतलं. हिलाही तिलाच धुवावं लागलं असतं. हे पाय चोळायचे, हे केस विंचरायचे. आणि सौनात वाकडं बोलायचं नाही, तेव्हा त्या सबंध वेळात गोड गोड बोलत राहायचं, आणि समोरून एक शब्द परत यायचा नाही.

साइमी उठली आणि पायऱ्या उतरली. दार सताड उघडलं.

"मी उतरले," ती एवर्टला ऐकू जाईल असं म्हणाली.

मग एल्वी हलली. एकेक पायरी करत, हनुवटी वर ठेवून, भिंतीला धरून बाहेर आली आणि ओसरीच्या पायरीवर धपकन बसली. साइमीनं तिच्या मानेवर तळ्याचं पाणी ओतलं. आधी थोडं, मग घंगाळभर. तिसऱ्या घंगाळाला एल्वीच्या कपाळावर घाम फुटला.

"अजून दोन ओगराळी सहज बसले असते," एल्वी म्हणाली.

"बसला असतात. तिथंच."

एल्वीनं तिच्याकडे पाहिलं. मग ती एवर्टकडे वळून म्हणाली, "कागद आण."

साइमीनं ओल्या हातानं सही केली. शाई पसरली, पण नाव वाचता येत होतं.

"साइमी, तू कशी गं उतरलीस?" एवर्टनं हळूच विचारलं. "तू तर कुणापुढे..."

"लघवीला लागली होती," साइमी म्हणाली.

एवर्टनं ते गावभर केलं. पुढच्या शनिवारपर्यंत दुकानातली पोरं तिला पाहून तोंडावर हात धरायला लागली. साइमीनं कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

सोमवारी टाम्मिनेनचा ट्रक आला. ओंडक्यांवर खडूनं आकडे टाकायचे, उतरवायचे आणि पलीकडे त्याच क्रमानं रचायचे, असं काम. एवर्टनं तळ्याकडची भिंत वरून खाली मोजायला घेतली होती. साइमी थोडा वेळ बघत उभी राहिली, मग तिनं त्याच्या हातातला खडू काढून घेतला.

"खालून मोजायचं. बांधताना खालून बांधतात."

दुपारपर्यंत तिनं चारही भिंतींवर आकडे टाकले, आतल्या बाजूनं, कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

"ही काजळी खरवडून घेऊ का?" टाम्मिनेननं विचारलं. "पाहुण्यांचे पांढरे टॉवेल असतात."

"काळे टॉवेल आण," साइमी म्हणाली.

एल्वी घराच्या पायरीवरून बघत होती. "वन्सं, तुम्हाला मजुरी देणार आहेत का काय?" ती ओरडली. आता सगळं उघड्यावर होतं, ओरडायला हरकत नव्हती. साइमीनं वळूनही पाहिलं नाही. एल्वी आत गेली आणि दार आपटलं.

संध्याकाळी सगळं ट्रकवर चढलं. गवतात फक्त उंबऱ्याचा ओंडका राहिला, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेला.

"याच्यावर आकडा नाही," ट्रकवाला म्हणाला.

"त्याला लागत नाही. तो सगळ्यात आधी ठेवायचा असतो," साइमी म्हणाली, आणि वाकून तिनं एक टोक उचललं.