पाण्याला वास नाही

जपानमधल्या ओउरा गावच्या पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात रोज सकाळी नऊ वाजता पाच माणसं गंभीर चेहऱ्यानं पाणी हुंगायला बसत. तळ्याचं पाणी काचेच्या चंबूत कोमट करायचं, खळखळून हलवायचं, बूच काढायचं आणि नाक घालायचं. उन्हाळा सरता सरता तळ्यात शेवाळ माजलं, की पाण्याला बुरशीचा वास सुटतो. अपाय काही नाही. पण चहा पिताना ओली गादी आठवते. असा वास आला, की पाण्यात कोळशाची पूड सोडायची. ती वास ओढून घेते.

नियम असा, की प्रत्येकानं न बोलता आपापल्या चिठ्ठीवर लिहावं. पण काजितानी सादाओ तिथं एकतीस वर्षं हुंगत होते; त्यांच्या आधी काही लिहिणं कुणाला बरं वाटेना. चंबू पाच नाकांखालून फिरून आला, की सगळे त्यांच्याकडे पाहत. ते डोळे मिटून म्हणत, "वास नाही." मग चौघं तेच लिहीत.

अडचण एवढीच होती, की फेब्रुवारीतल्या पडशापासून काजितानींना कसलाच वास येत नव्हता. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. गावात लोक त्यांना नाकामुळेच ओळखायचे. तेच गेल्यावर उरायचं काय? म्हणून ते चौघांचे चेहरे हुंगत. कुणाची भुवई जरा हलली, की समजायचं, वास आहे. पण भुवई काही हलायची नाही. वडीलधाऱ्यांच्या आधी तोंड वाकडं करणं त्या चौघांना कुणी शिकवलंच नव्हतं.

सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या, पितरांच्या स्मरणाच्या दिवशी, चौघांतली सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळ मोजणारी मुरासे चिए म्हणाली, "काजितानीसान, काल थेंबात शेवाळाचे बारा धागे होते. आज चाळीस आहेत."

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

काजितानींनी चारही भुवयांच्या जोड्या तपासल्या. सगळ्या गोठलेल्या. "वास नाही," ते म्हणाले आणि देवळात गेले.

देवळात नोतोहून आलेले र्योकाई गुरुजी प्रवचन गात होते. गाऊनच सांगायचं, हीच त्यांची परंपरा. चिखलात पडलेलं लेकरू अंग धुऊन येईल याची आई वाट पाहत नाही. तसंच उचलून पोटाशी धरते, तसाच आमचा अमिदा बुद्ध, असा विषय होता. आवाज चढत गेला, रुमाल निघाले, दोनशे गळ्यांतून "नामानदाबु, नामानदाबु" असा नामगजर उठला. काजितानीही त्यात सूर मिसळत होते. ऐन रंगात गुरुजींनी पेल्यातल्या कोमट पाण्याचा घोट घेतला.

गुरुजींच्या नाकपुड्या थरथरल्या. डोळे पाण्यानं भरले. सूर मधेच तुटला.

"गहिवरले हो गुरुजी!" एक आजी हुंदका देत म्हणाल्या. गजर दुप्पट झाला.

एकटे काजितानी गप्प झाले. सात महिने जी भुवई ते शोधत होते, ती समोर होती. एक नव्हे, दोन्ही, आणि थेट कपाळाच्या मध्यावर. 'भक्तीचा गहिवर असेल,' त्यांनी मनाला सांगून पाहिलं. पण यजमानांचं पाणी टाकायचं कसं, म्हणून गुरुजींनी दुसरा घोट घेतला, आणि बिचारे तिसऱ्यासाठी हात पुढे करू लागले. काजितानींना राहवेना. ते उठलेच.

"गुरुजी, पिऊ नका! पाण्याला वास येतोय!"

दोनशे माना वळल्या. चहाचं तबक घेऊन आलेली त्यांची बायको फुमिए दारातूनच म्हणाली, "कसला?"

"ते... मला ठाऊक नाही. मला वासच येत नाही. फेब्रुवारीपासून."

मग गुरुजी नम्रपणे म्हणाले, "बुरशीचा आहे. मला वाटलं, तुमच्याकडची रीत असेल."

आधी हसल्या त्या हुंदके देणाऱ्या आजी. मग सगळं देऊळ हसलं.

"अहो, मला मार्चपासून माहीत आहे," फुमिए म्हणाली. "विटलेलं सार 'झकास झालंय' म्हणून दोन वाट्या प्यायलात. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

काजितानींनी अंगणात जाऊन केंद्रात फोन लावला. "मुरासे, कोळसा सोड. आत्ता! पाण्याला वास येतोय."

"चार दिवस येतोय, काजितानीसान."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणालात ना! मला वाटलं, माझंच नाक बिघडलं. माझ्याशेजारी हुंगणारे सुगिमोतोसान तर डॉक्टरांकडे नाक दाखवून आले."

काजितानी पायरीवर टेकले. "माझं नाक गेलंय, पोरी," ते म्हणाले. "उद्यापासून माझं मत धरू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चंबू कोमट करून आत दिला, दार ओढून घेतलं आणि बाहेर बाकावर बसले. आत बराच वेळ चिठ्ठ्यांची सळसळ झाली. मग एकदम गलका उठला.

"बुरशी कसली, माती आहे ही!"

"माती? अहो, बंद कपाट आहे सरळ सरळ!"

"मला तर आजीच्या छत्रीचा वाटतोय."

एकतीस वर्षांत त्या खोलीत असं भांडण झालं नव्हतं. काजितानी बाकावर मांडी घालून, प्रवचनाला बसावं तसे डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात चिएचा आवाज सगळ्यांच्या वर गेला, "सुगिमोतोसान, तुम्ही खोकल्याची गोळी चघळत हुंगताय! तुमचं मत धरायचं नाही. बाहेर व्हा, काजितानीसानजवळ बसा!"

काजितानींनी बाकावर सरकून जागा केली.