निम्म्याच्या आत

तिचं खरं नाव वसतिगृहात फारसं कुणाला आठवत नसे. सगळे तिला भोंगा म्हणत. अंगाने काडी, पण आवाज असा की तळमजल्यावरून हाक मारली तर वरच्या मजल्यावर झोपलेल्या मुली दचकून उठून बसत. टाकीत पाणी आलं, रेक्टरबाई निघाल्या, निकाल लागला, कुठलीही बातमी भोंग्याच्या तोंडूनच जिना चढायची.

खोलीत तिच्यासोबत मुंगी राहायची. बुटकी, अबोल, सदानकदा कामात. शिकायला वनस्पतिशास्त्र. तिची रोपं विद्यापीठाच्या मागच्या आवारातल्या काचघरात होती आणि रोज संध्याकाळी तिथे जाऊन त्यांना पाणी घालावं लागायचं. पूर्वी परत यायला विद्यापीठाची बस होती. मग खर्च झेपत नाही म्हणून संध्याकाळची फेरी बंद केली आणि मुंगी चालत यायला लागली. रस्ता अरुंद. एका अंगाला गोदामांची लांबलचक भिंत, दुसऱ्या अंगाने मालाचे ट्रक. त्या हिवाळ्यात एकदा अंधारून आलेलं असताना, मागे येणाऱ्या एका ट्रकने तिला त्या भिंतीशी चेपलं.

जीव वाचला. पण कंबरेचं हाड असं काही मोडलं की वर्षभर पाऊलसुद्धा टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिची ट्रंक न्यायला वडील आले. ते पोस्टमन होते. जन्मभर लोकांच्या दारात गेलेला माणूस, पण लेकीच्या खोलीच्या दारात उभा राहून आत यायला लाजत होता. भोंग्याने कपड्यांच्या घड्या घालून दिल्या, पुस्तकं बांधून दिली. निघताना ते म्हणाले, "माझ्या पोरीचं व्हायचं ते झालं, बाळ. पण त्या बसचं कुणीतरी बघा. अजून किती पोरी जातात त्या वाटेनं."

"मी बघते, काका," भोंगा म्हणाली. "मी शब्द देते तुम्हाला."

शब्द तर दिला, पण बघायचं म्हणजे करायचं काय, ते तिला कळेना. तेव्हा वकील पुढे आला. वकील म्हणजे काही खरा वकील नव्हे. भोंग्याच्याच वर्गातला मुलगा, पण वाद घालायला लागला की प्राध्यापकांनाही घाम फोडायचा, म्हणून वकील. तो म्हणाला, "विद्यार्थी युनियनच्या निवडणुकीला मी उभा राहतो. मुद्दा एकच, बस. मी बोलतो, तू लोक आण."

आणि भोंग्याने लोक आणले. जिवाचं रान केलं तिने. खोलीखोलीत गेली, जेवणघरात टेबलावर चढून बोलली, ज्या मुलींना युनियनचं ऑफिस कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं त्यांना हाताला धरून मतदानाला नेलं. मतदानाची रांग सभागृहाच्या दारातून निघून पार पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेली होती. इतकी मोठी रांग जुन्या शिपायांनीही पाहिली नव्हती. घसा पार बसला तिचा. आठवडाभर ती घोगऱ्या आवाजात बोलत होती आणि मुली तिला हसत होत्या. वकील निवडून आला तेव्हा त्याने भर गर्दीत तिचा हात धरून वर केला. त्याच्याबद्दल तिच्या मनात काय होतं, ते अख्ख्या वसतिगृहाला ठाऊक होतं. तेवढी एकच बातमी भोंग्याने कधी ओरडून सांगितली नव्हती.

नव्याचे नऊ दिवस संपले. वकील बैठकांना जाऊ लागला. आधी म्हणायचा, "बोलणं चालू आहे." मग म्हणायला लागला, "विषय विचाराधीन आहे." त्याची भाषाच बदलली. इस्त्रीचा शर्ट आला, कुलसचिवांबरोबर चहा आला. भोंगा विचारायची, तो म्हणायचा, "जरा धीर धर." तिने धीर धरला. दर रविवारी मुंगीला फोन करून ती सांगायची, "होतंय गं, होतंय."

वार्षिक सभेत वकील बोलायला उभा राहिला. काचघराच्या रस्त्यावर दिवे लागणार, नवी व्यायामशाळा होणार, असं त्याने जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मागून भोंग्याने विचारलं, "आणि बस?" तिला माइकची गरज नव्हतीच.

"बसची मागणी युनियनने मागे घेतली आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या मुद्द्यावर गेला.

सभा संपल्यावर तिने त्याला जिन्याखाली गाठलं. "मागे घेतली? कुणाला विचारून?"

"आत बसल्यावर कळतं, भोंगे. बस मिळणारच नव्हती. त्यांनी स्वच्छ सांगितलं, बस हवी असेल तर बाकी काही मिळणार नाही. मग म्हटलं, दिवे तरी पदरात पाडून घ्यावेत. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे किती धावायचं?"

"दिव्याच्या उजेडात चेपली असती तर मुंगीचं हाड कमी मोडलं असतं का?"

"तुला ओरडता येतं गं," तो हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण त्याने मान खाली घातली नाही. "मला सही करावी लागते. ओरडणं सोपं असतं."

"मुंगीला काय सांगू मी?"

"सांग, प्रयत्न केला."

ती वळली आणि चालायला लागली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. समोरून तो आला तर ती रस्ता ओलांडायची.

त्या रविवारी तिने मुंगीला सगळं सांगितलं. मग मुंगी म्हणाली, "असू दे गं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मी तरी कुठे आता परत येणार आहे?"

मुंगी परत येणार नाही, हे भोंग्याला असं कळलं. बरी झाली की येईल, म्हणून तिने मुंगीची खाट कुणाला देऊ दिली नव्हती. गादी गुंडाळून, वर चादर टाकून ठेवली होती. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ त्या गुंडाळलेल्या गादीवर बसून होती.

नवं वर्ष सुरू झालं आणि त्या खाटेवर एक पहिल्या वर्षाची मुलगी आली. तिला सगळे नवीच म्हणायला लागले. नवीही वनस्पतिशास्त्राची. तीही संध्याकाळी चिखलाचे बूट घालून काचघराकडून चालत यायची. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "ताई, इथे बस का नाही हो?"

"नाही म्हणून नाही," भोंगा म्हणाली.

पण नवीने दहा जणांना विचारलं, आणि मुंगीची गोष्ट तिला कळायची ती कळलीच. एका संध्याकाळी ती खाटेवर पाय दुमडून बसली आणि म्हणाली, "ताई, मी निवडणुकीला उभी राहतेय. बससाठी. तुम्ही माझ्याबरोबर याल? सगळे सांगतात, गेल्या वर्षी तुम्हीच सगळं केलं होतं."

तिचे डोळे असे काही चमकत होते की भोंग्याला ते बघवेना. तिने तोंड भिंतीकडे केलं. "मला या भानगडीत ओढू नकोस."

नवी एकटीच हिंडली. हाताने लिहिलेली पोस्टरं तिने जिन्यात चिकटवली. खोल्यांची दारं ठोठावली. मुली आतून म्हणायच्या, "अभ्यास चाललाय गं," आणि नवी पुढे गेली की हसण्याचे आवाज यायचे. तिच्याविरुद्ध उभा असलेला मुलगा तर प्रचारालाही फिरकला नव्हता. त्याला फक्त आपल्या नावापुढे पद हवं होतं. तशी लढत कुणाशी नव्हतीच. विद्यापीठाचा नियम मात्र असा की निम्म्या विद्यार्थ्यांनी तरी मत टाकलं पाहिजे. मतदान निम्म्याच्या आत राहिलं तर निवडणूक रद्द, आणि वर्षभर युनियनच नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी जेवणघरात कुणीतरी सहज विचारलं, "ए भोंग्या, यंदा कुणाला द्यायचं गं मत?"

आणि भोंग्याच्या आत इतके महिने साचलेलं उसळून वर आलं. "कुणालाही द्या, नाहीतर देऊच नका! बस येणार नाही आणि दुसरंही काही येणार नाही. तोंडाला पानं पुसून घ्यायची हौस असेल तर खुशाल जा रांगेत. मी तर कपडे धुणार आहे उद्या!"

जेवणघर हसलं. कुणी ताटावर चमचा वाजवला. "आम्हीपण कपडे धुणार!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हशा पिकला. भोंग्यालाही बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी लोक तिच्या बोलण्यावर हसत होते. मग तिला शेवटच्या टेबलावर नवी दिसली. तिचा घास हातातच राहिला होता. संध्याकाळपर्यंत ते वाक्य मुलांच्या वसतिगृहातही पोचलं. "काय मग, उद्या कपडे धुणार ना?" जो तो एकमेकाला विचारत होता.

मतदानाला सुट्टी होती. भोंगा खरोखरच गच्चीवर कपडे धूत बसली. गच्चीवरून सभागृहाचं दार दिसायचं. दारात कुणी नव्हतं. मधूनच एखादं पोरगं आत जायचं आणि लगेच बाहेर यायचं. एक बादली वाळत घालून जाऊ, असं तिने ठरवलं. मग दुसरी बादली भिजवली. माझ्या एका मताने काय आभाळ कोसळणार आहे, असं ती स्वतःला सांगत राहिली. ऊन कलायला लागलं तेव्हा मात्र तिला राहवेना. ओल्या हातांनीच ती जिना उतरली आणि जवळजवळ पळतच सभागृहात पोचली.

शिपाई बाकं उचलत होता. टेबलापाशी वकील एकटाच बसला होता. मावळता अध्यक्ष म्हणून त्याची तिथे नेमणूक होती.

"संपली वेळ," तो म्हणाला.

"किती झालं?"

"निम्म्याच्या आत. बरंच आत." त्याने पेटी शिपायाकडे सरकवली. "मी टाकलं मत. नवीला."

त्याला ऐकवण्यासाठी तिने इतके महिने कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. आता तिने नुसते ओले हात कपड्यांना पुसले.

"मी सकाळपासून दाराकडे बघत होतो," वकील म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "वाटलं, माझ्यावर राग आहे तो आहे, पण तू येशील. आणि सगळ्यांना घेऊन येशील. मी केलं ते वाईटच केलं. पण भोंगे, त्या पोरीने काय केलं होतं?"

ती परत आली तेव्हा नवी जिन्यात उभी राहून ओल्या फडक्याने पोस्टरं काढत होती. उमेदवारानेच भिंती साफ करून द्यायच्या, असाही नियम होता. भोंग्याने दुसरं फडकं घेतलं आणि ती शेजारी उभी राहिली. दोघी खरवडत राहिल्या.

"ताई, एक विचारू?" नवी भिंतीकडे बघतच म्हणाली. "मीपण निवडून आल्यावर तशीच वागेन, असं वाटलं होतं का तुम्हाला?"

"नाही गं. तू तशी वागली नसतीस."

"मग?"

पुन्हा विश्वास ठेवायची भीती वाटली, असं भोंगा म्हणू शकली असती. पण या मुलीपुढे ते म्हणायची लाज वाटली.

"मला निवडून यायचंच होतं असं नाही," नवी म्हणाली. "हरले असते तरी चाललं असतं मला. समोरचा आवडला, असं तरी म्हणता आलं असतं. पण कुणी आलंच नाही हो, ताई. कुणीच आलं नाही." आणि ती हातातल्या ओल्या फडक्यातच तोंड खुपसून रडायला लागली. भोंग्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. नवीने तो झटकला नाही, पण ती जवळही आली नाही.

दुसऱ्या दिवशी भोंगा कुलसचिवांच्या ऑफिसात गेली. फेरनिवडणूक घ्या, मी स्वतः मुलं आणते, म्हणाली. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मुलांनाच नकोय तर आम्ही कशाला घ्यायची?" बसचं विचारलं तर म्हणाल्या, "मागणी कुणाची? तुमची युनियनच नाही ना आता." त्यांचं काही चुकलं नव्हतं. भोंगा नमस्कार करून बाहेर पडली.

परीक्षा झाल्यावर नवीने विषय बदलला. वनस्पतिशास्त्र सोडून तिने असा विषय घेतला, ज्याचं सगळं काम मुख्य इमारतीतच दुपारपर्यंत उरकायचं. रोपं आवडत होती ना तुला, असं कुणी विचारलं तर ती खांदे उडवून म्हणायची, "हे सोपं आहे." भोंगा तेव्हा खोलीतच असायची, तोंड भिंतीकडे करून.