नाकातला पहारा

सुई न टोचता लस घेतलेली म्हैस तुम्ही पाहिली नसेल. ती मीच, चुडावा गावच्या कडूबाईची.

नवरा गेल्यावर कडूबाईचं घर माझ्याच दुधावर चालायचं. सुई टोचली की म्हैस आटते, असा तिचा पक्का समज. घटसर्पाची, म्हणजे गळा सुजवून जनावर मारणाऱ्या रोगाची, लस टोचायला कोणी आलं की ती मला नाल्यात नेऊन लपवायची. म्हैस लपवायची म्हणजे काय चेष्टा आहे? पण तिला जमायचं.

मग परभणीहून जनावरांचे डॉक्टर दत्तराव आले. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली पेटून एसटी बंद होत्या, म्हणून रेल्वेनं, बर्फातल्या लशीचा थर्मास काखेत मारून.

"सुई नाही, बाई. हा रोग श्वासावाटे शिरतो, म्हणून पहारा नाकातच बसवायचा. यात कमजोर केलेले जंतू आहेत. प्रयोग आहे, करू का?"

"सुई न्हाई ना? मग करा की."

नाकपुड्यांत फवारा बसला आणि मी धडाधड शिंकले. डॉक्टर पुढच्या गोठ्याकडे वळतात न वळतात, तोच कडूबाईनं मला सर्दी झाली समजून ओव्याची आणि कडुलिंबाच्या पाल्याची धुरी दिली, वर ओल्या फडक्यानं नाक लख्ख पुसलं. मायाच ती, पण पहारेकरी पार पळाले!

डॉक्टर परत आले तर गोठाभर धूर. त्यांनी कपाळाला हात लावला, पुन्हा फवारलं आणि गाडीची वेळ होईस्तोवर माझ्याशेजारीच बसून राहिले.

पावसाळ्यात घटसर्प आलाच. लस न घेतलेला, शेजारच्या आश्रुबाचा बैल गळा सुजून दगावला. मग मलाही ताप चढला, वैरण नकोशी झाली. कडूबाई सारखी माझा गळा चाचपायची, जेवण तिलाही जाईना. निरोप मिळताच डॉक्टर धावत आले.

"सुई टोचा डाक्टर, दूध गेलं तर जाऊ द्या, पर हिला वाचवा!"

त्यांनी ताप पाहिला. उतरला होता. गळ्याला सूज नव्हती. तेवढ्यात माझं तोंड आपोआप हलायला लागलं.

"रवंथ करायलीय! डाक्टर, रवंथ करायलीय!" कडूबाई रडत रडत हसली. डॉक्टर मटकन शेणातच बसले. माझ्यापेक्षा तेच जास्त भ्यायले होते.

"एका म्हशीवरून काही सिद्ध होत नाही, बाई. अजून पुष्कळ जनावरं बघायची आहेत."

"तुमाला लय लागत असतील," ती म्हणाली. "मला एवढीच हाय."

आता मी म्हातारी झाले, दूधही देत नाही. तरी कडूबाई मला विकत नाही. डॉक्टर, तुमचा प्रयोग लवकर पुरा करा. पुष्कळ गोठ्यांत एकच दावं असतं.